तळ्यातले हिरवे पाहुणे आणि आमचे सर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. मलकापूरच्या कॉलेजातले आमचे प्राणिशास्त्राचे सर. त्यांचं नाव मात्र इथे लिहीत नाही. आपलं नाव छापून आलेलं त्यांना खपत नसे. एका मासिकात त्यांचा लेख आला, त्यात त्यांचं नाव ठळक आणि जंताचं नाव बारीक टाइपात होतं. सर बरेच दिवस खट्टू होते. "लेख त्याच्याबद्दल आहे, माझ्याबद्दल नाही," असं ते ज्याला त्याला सांगत.

सर जंतांचे माणूस होते. बेडकाच्या आतड्यातले, फुप्फुसातले, मूत्राशयातले जंत हा त्यांचा विषय. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, मलकापुरात कापसाशिवाय दुसऱ्या गोष्टीवर कोणी फार बोलत नसे, आणि त्यात हे गृहस्थ बेडकांच्या जंतांवर पीएच.डी. करत होते. बाजारात त्यांना 'जंतवाले सर' म्हणत. एका अडत्यानं त्यांना रस्त्यात थांबवून आपल्या नातवाच्या जंतांवर औषध विचारलं. सरांनी नीट विचार करून उत्तर दिलं की नातू बेडूक असता तर काही सांगता आलं असतं. अडत्याला राग आला. सर त्याची चेष्टा करत नव्हते, हे त्याला कसं कळावं?

वर्गात ते छत्री उघडून उभे राहत. प्रयोगशाळेचं छप्पर कौलारू होतं आणि वरून अधूनमधून पाल पडे. आम्हांला वाटे, सर पालीला भितात. एकदा धीर करून विचारलं तर म्हणाले, "फरशीवर पडली तर तिला लागतं. छत्रीवर पडली तर घसरत जाते." जेवायला ते घरी जात नसत. मोठ्या टेबलाच्या एका टोकाला बेडकाचा ट्रे आणि दुसऱ्या टोकाला त्यांचा डबा. प्रॅक्टिकल संपलं की कापलेल्या बेडकासमोर सगळ्यांनी क्षणभर गप्प उभं राहायचं, असा त्यांचा नियम होता. मुलं हसायची, पण उभी राहायची.

आणि एक वाक्य ते वर्षभर पुन्हा पुन्हा म्हणत: "शरीर म्हणजे घर, जंत म्हणजे भाडेकरू. शहाणा भाडेकरू घर पाडत नाही." मग म्हणत, "पण नवा भाडेकरू शहाणा असेलच, असं नाही."

मी रोहिणखेडच्या वाटेवरच्या एका गावातून आलो होतो. आम्ही बौद्ध. बाबा दुसऱ्यांच्या वांग्या-टमाट्याच्या वाड्यांत कामाला जात. आमच्या घरात मॅट्रिक झालेलाही मी पहिलाच. कॉलेजात मी फार कमी बोलायचो, कारण तोंड उघडलं की वऱ्हाडी बाहेर पडायची आणि मागच्या बाकावरची वकील-डॉक्टरांची मुलं खिदळायची. सर मूळ साताऱ्याकडचे, बोलणं अगदी स्वच्छ. मला वाटायचं, यांना माझं बोलणं टोचत असेल. प्रत्यक्षात ते वऱ्हाडी शब्द मिळतील तिथून गोळा करत आणि चुकीच्या जागी वापरत. शिपायाला म्हणत, "मले चहा आणून राह्यला का?" शिपाई म्हणे, "हाव जी," आणि खिडकीकडे तोंड करून हसे.

दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी मला मायक्रोस्कोपात बघायला लावून काय दिसतं ते विचारलं. मी घाबरून म्हणालो, "जंत हायेत जी, वळवळ करून राह्यले." परीक्षकांनी भुवया उंचावल्या आणि सरांकडे वळून विचारलं, या भाषेत उत्तरं घ्यायची का? सर शांतपणे म्हणाले, "जंतसुद्धा वऱ्हाडीच आहेत. मोताळ्याजवळून आणले." परीक्षक हसले, मग मीही हसलो, आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरं मी घाम न पुसता दिली. त्या दिवसानंतर मी कॉलेजात तोंड उघडून बोलायला लागलो. हे उपकार लहान आहेत असं ज्याला वाटेल, त्यानं कधी तोंड मिटून वर्षं काढलेली नसणार.

आता बेडकांविषयी.

प्रॅक्टिकलला लागणारे बेडूक पावसाळ्यात आमच्याकडेच मिळत. पण परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाशी, तेव्हा आमचे बेडूक जमिनीत खोल झोपलेले. म्हणून कॉलेज बंगालकडच्या एका पुरवठादाराकडून ते मागवत असे. मलकापूर स्टेशनावर पार्सलच्या डब्यातून ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या करंड्या उतरत. हे बेडूक वेगळ्याच जातीचे होते. आमचे मातकट, पाठीवर पट्टे असलेले. हे केळीच्या पानासारखे हिरवेगार. परीक्षा संपली की काही उरत, आणि कॉलेजचा नियम होता की उरलेले क्लोरोफॉर्म देऊन संपवायचे. सर ते काम पुढे पुढे ढकलत. एका वर्षी तर मृग लागून गेला तरी हिरवे बेडूक प्रयोगशाळेच्या हौदात बसून होते. सर त्यांना रोज झुरळं घालत.

त्या वर्षी मृग कोरडा गेला. आर्द्राही निम्म्या सरल्या. आमच्या गावच्या तळ्यात म्हशीला बुडी मारता येईल एवढंही पाणी राहिलं नव्हतं. गावानं धोंडी काढायची ठरवली. धोंडी म्हणजे लहान मुलं अंगाला कडुनिंबाचे डहाळे बांधतात, मुसळाला बेडूक बांधतात आणि दारोदार पाणी मागत फिरतात; प्रत्येक घरची बाई त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतते. आमच्या घरात या गोष्टी कधीच बंद झाल्या होत्या. बाबा म्हणायचे, बेडकाला बांधून पाऊस पडत असता तर इंग्रजानं एक बेडूक विलायतेला नेला असता. म्हणायचे, आणि आभाळाकडे बघायचे.

पण गावात बेडूकच सापडेना. तेव्हा सखाराम अप्पा, म्हणजे ज्यांच्या वाडीत बाबा कामाला जात ते म्हातारे माळी, मला घेऊन थेट सरांकडे आले. कॉलेजच्या हौदात बेडूक आहेत ही बातमी मीच घरी सांगितली होती. अप्पा प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, पोरं निंब बांधून बसले हायेत, अन् बेडूक नाही. तुमच्यापाशी हायेत म्हणतेत."

सरांचा धोंडीवर विश्वास नव्हता. पण त्या हिरव्यांना दुसऱ्या दिवशी मारायचंच आहे, असा प्राचार्यांचा निरोप सकाळीच आला होता. सरांनी हौदाकडे पाहिलं, अप्पांच्या पायांकडे पाहिलं. मग एका मडक्यात सगळेच बेडूक घातले, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि बजावलं, "बांधताना कापडाची पट्टी वापरा, सुतळी नको. आणि काम झालं की मडकं परत आणा." अप्पांनी मान डोलावली.

गल्लीगल्लीची वेगळी धोंडी निघाली, प्रत्येकीला एक हिरवा बेडूक. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, आणि असा आला की रोहिणखेडची वाट बंद पडली. सर वर्गात छत्री मिटून उभे राहिले आणि म्हणाले, आज पालींनाही काही लागणार नाही. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. वाट उघडल्यावर त्यांनी मला मडकं आणायला पाठवलं.

अप्पा वाडीत सरी फोडत होते. मी बेडूक मागितले तर त्यांनी फावडं टेकवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लग्न झालेली पोरगी परत मागतो आहे. धोंडीचा बेडूक परत नेत नाहीत, गावच्या पाण्यात सोडतात, हे मला माहीत नव्हतं का? मला माहीत होतं. सरांना नव्हतं. आणि मडकं भरताना मी किंवा अप्पा, कोणीच ते बोललो नव्हतो. परत मागितलं ते रिकामं मडकं, असंच अप्पा समजले होते; शिकलेल्या माणसाला एवढं माहीत असेलच.

मी परत येऊन सांगितलं तेव्हा सर जेवत होते. हातातला घास त्यांनी डब्यात ठेवला. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते मी त्याआधी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. परीक्षेत कापलेल्या हिरव्या बेडकांच्या आतड्यात त्यांना एक चपटा जंत दिसला होता, आमच्याकडे कधीच न आढळलेला. आमच्या तळ्यातल्या बेडकांचे जंत त्यांना घरच्या माणसांसारखे ठाऊक होते, त्यांच्या पीएच.डी.चा निम्मा ऐवज त्याच तळ्यातून आला होता. जुन्या जंतांची आणि बेडकांची एकमेकांना सवय झालेली असते. नवा जंत घुसला तर ती सवय नसते, आणि मग बेडूक मरायला लागतात. बेडूक मेले की वाड्यांतल्या किड्यांना रान मोकळं. एवढं बोलून ते म्हणाले, "कोणी केलं असं विचारलं तर मी केलं. क्लोरोफॉर्म देववला नाही म्हणून केलं."

दुसऱ्याच दिवशी ते जाळी आणि छत्री घेऊन गावात आले. तळ्याच्या काठाला कोणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. हिरवे बेडूक शेवाळात दिमाखात बसले होते. सर धोतर खोचून पाण्यात उतरणार तोच काशीमाय आली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई. तिचं ऐकत नाही असा माणूस गावात नव्हता. तिनं विचारलं, "काऊन जी, काय करून राह्यले?"

सरांनी समजावलं. जंत, रोग, नवे भाडेकरू, सगळं अगदी शुद्ध मराठीत. काशीमायनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ज्यानं पाणी आणलं त्यालेच धरून नेता? अन् पुढच्या साली पाणी मागाले काय तोंड घेऊन जावं आम्ही?"

तोवर बाया जमल्या होत्या. एक म्हणाली, सर, जंत पाहिजेत तर आमच्या घरी या, पोरांच्या पोटात लई हायेत. सगळ्या हसल्या. मला वाटलं, सर चिडतील, तलाठ्याकडे जातील. सर काठावर बसले, जाळी गुंडाळली आणि मला म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. मी दिलेले पाहुणे मी हिसकावून कसे नेऊ?" मग बाबांनी त्यांना आमच्या घरी नेलं. मायनं ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. सर मांडी घालून जेवले. आमच्या घरी जेवणारे ते कॉलेजातले पहिलेच. माय पुढे किती वर्षं ते सांगायची.

त्यानंतर दर रविवारी आम्ही तळ्यावर जायचो. हिरव्यांनी अंडी घातली, पिल्लं झाली. गावाला आनंद, सर मात्र वाळत चालले. आमचा एखादा बेडूक मेलेला दिसला की ते त्याला रुमालात गुंडाळून आणत आणि कापायला धजत नसत. "बाटलीत ठेव," म्हणत. "पावसाळा संपू दे." पावसाळा संपला, बाटल्या कपाटात साचल्या. प्रबंध पूर्ण झाला होता, तो त्यांनी पाठवला नाही. प्राचार्यांनी विचारलं तर म्हणाले, शेवटचं प्रकरण अजून तळ्यात आहे.

मधे मी बी.एस्सी. झालो. कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनाची जागा होती. बाबांनी ती जवळपास पक्की केली होती. सरांनी घरी येऊन बाबांना एवढंच सांगितलं, की मुलगा चांगलं पाहतो, आणि पाहणारी माणसं कमी असतात. बाबांनी विचारलं, पाहण्याचा पगार भेटते का जी? सर म्हणाले, भेटते, पण जिनिंगपेक्षा कमी. बाबांना हा खरेपणा आवडला. मी त्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर झालो.

धोंडीच्या पुढच्या वर्षी, पावसाळ्यात मी हट्ट धरला. सर, आता बघू या. त्या दिवशी टेबलावर आमच्या तळ्यातले आमचे मातकट बेडूक होते. शिवाय काशीमायनं दिलेला एक हिरवा. तिनं स्वतः निवडून दिला होता. म्हणाली, हा थकला हाय, याले नेलं तर चालते, पण कापल्यावर गाडजा. सरांनी सगळी तयारी केली आणि मायक्रोस्कोपापासून उठले. "तू बघ," म्हणाले. "मी खिडकीबाहेर बघतो."

मी आतड्यांपासून सुरुवात केली. एकामागून एक बेडूक बघत गेलो. आमचे ओळखीचे जंत होते. चपटा कुठेच नव्हता. मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मग कपाटातल्या बाटल्याही उघडल्या. नव्हता.

"सर, नाही."

"काय नाही?"

"चपटा नाही. एकातही नाही."

ते वळले नाहीत. खिडकीचा गज धरून उभे राहिले. तसंच बाहेर बघत त्यांनी फुप्फुसं बघायला सांगितली. आमच्या बेडकांच्या फुप्फुसात बारीक, काळसर जंत नेहमीच असायचे. ओल्या चिखलातून त्यांची पिल्लं बेडकाच्या कातडीतून आत शिरतात. ते यंदाही होते, पण विरळ. पूर्वीच्या बेडकांत गुच्छ असायचे, आता एखादा-दुसरा. मला कळेना. मग मी काशीमायचा हिरवा बेडूक घेतला. फुप्फुस स्वच्छ. पण मांसात आणि जठराच्या भिंतीत बारीक गाठी होत्या, आणि एकेक गाठ फोडली तर आत एकेक पिल्लू वेटोळं करून मेलेलं. आमच्याच जंताचं पिल्लू.

आता सर धावत आले. डोळा लावून कितीतरी वेळ बघत राहिले. मग खुर्चीत मागे रेलून हसायला लागले. त्यांना असं हसताना पाहून शिपाई दारात येऊन उभा राहिला.

त्यांनी मला समजावलं ते असं. चपट्या जंताला मधल्या काळात राहायला एक विशिष्ट गोगलगाय लागत असावी, ती आमच्या तळ्यात नसावी. म्हणून तो संपला. आणि आमच्या जंताची पिल्लं चिखलात वाट बघत बसतात, समोर येईल त्या बेडकात शिरतात. हिरव्यात शिरली, तिथे त्यांना वाढता येईना, तिथेच मेली. जेवढी हिरव्यात गेली तेवढी आमच्या बेडकांच्या वाट्याला कमी आली. एवढं सांगून झाल्यावर ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, "यात माझं शहाणपण काही नाही. नशीब आहे. दुसऱ्या तळ्यात उलटंही झालं असतं. बाहेरचा बेडूक चांगला, असं कोणी म्हणालं तर तू त्याला अडवायचं." मी हो म्हणालो. नंतर आम्ही कंपाउंडात खड्डा करून हिरव्याला गाडलं.

संध्याकाळच्या बसनं आम्ही गावात गेलो. सरांना राहवत नव्हतं. अप्पा आणि काशीमाय देवळाच्या ओट्यावर होते, बाबाही आले. सरांनी सगळं सविस्तर सांगितलं, ओट्यावर खडूनं आकृती काढून. अप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आमच्या बेडकाइचा खोकला गेला म्हणा ना?"

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "हो. तसंच म्हणा."

काशीमाय म्हणाली, "मंग एवढे दोन पावसाळे झुरत काऊन होते? मले पुसलं असतं."

सरांनी प्रबंधात एक प्रकरण वाढवलं आणि तो पाठवला. पदवी मिळाली. उरलेले बेडूक कुठेही सोडू नयेत, असा लेखी नियम त्यांनी प्राचार्यांकडून करून घेतला, आणि पार्सल मागवणंच बंद केलं; पावसाळ्यातले आमचेच बेडूक बाटल्यांत राखून परीक्षा भागवू लागले. निवृत्त झाल्यावर ते साताऱ्याकडे लेकीजवळ गेले. माझ्या प्रत्येक पत्राच्या उत्तरात ते तेच विचारत: हिरवे वाढले का? शेजारच्या तळ्यात गेले का? आमच्या तळ्यात निभावलं, पण पुढे ओढ्यानं खाली उतरले तर काय, ही काळजी त्यांच्या मनातून गेली नव्हती. मी खरं तेच कळवत असे: आहेत, सर. अजून आहेत.

मग तो मोठा दुष्काळ आला. तळं पार फुटाणा फुटावा तसं तडकलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात सरांच्या लेकीचं कार्ड आलं, की सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, शस्त्रक्रियेला घाबरत नाहीत, पण बेडकांचं काय झालं ते कळल्याशिवाय दवाखान्यात जात नाहीत. तेव्हा मी त्यांना हे पत्र पाठवलं.

"तीर्थस्वरूप सरांना शि. सा. न.

आपल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला यंदा उशीर केला, कारण पूर्ण बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं. तळं भरून महिना उलटला. मी प्रत्येक रविवारी गेलो. खालचा ओढा, रोहिणखेडच्या वाटेवरचं डबकं आणि पलीकडच्या दोन गावांची तळीही फिरलो. हिरवा बेडूक कुठेही नाही. पिल्लूही नाही. त्यांना आमच्या बेडकांसारखं खोल जमिनीत जाऊन पडून राहता येत नसावं. तळं आटलं तसे ते गेले. आमचे पहिल्या पावसाला चिखल झटकत वर आले. एवढे ओरडत होते की बाबांना झोप लागली नाही, आणि तक्रार मात्र त्यांनी केली नाही.

आतडी आणि फुप्फुसं बघितली. जंत आमचेच, पूर्वीचेच, आणि फुप्फुसात पुन्हा गुच्छ धरू लागले आहेत. बेडूक धडधाकट आहेत. आता काळजी करण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मी जबाबदारीनं लिहितो आहे.

काशीमाय दुष्काळात वारली. अप्पा आहेत. हिरवे गेले म्हणून गाव थोडं हळहळलं. मला विचारलं, पुढं धोंडीले बेडूक कुठून आणावा? मी सांगितलं, गावातलाच. तळ्यात कमरेएवढं खणा, सापडेल. अप्पांना ते पटलं.

मला या वर्षापासून वरच्या वर्गांना शिकवायला दिलं आहे. पहिल्या तासाला एक मुलगा वऱ्हाडीत उत्तर देऊन थांबला. मी त्याला पुढे बोलायला सांगितलं. त्या वेळी तुम्ही वर्गात असायला हवं होतं असं फार वाटलं.

सर, आता दवाखान्यात जा. जंतांच्या काचपट्ट्या सोबत पाठवत नाही, टपालात फुटतील. त्या लावून ठेवल्या आहेत. डोळे बरे झाले की या, पण दिवाळीनंतर या. सध्या तळ्याच्या काठाला चिखल आहे आणि तुम्ही उतरल्याशिवाय राहणार नाही.

आपला विद्यार्थी"